किडे मेले की नुसते पडले? साठवलेल्या धान्यात कीडनाशक वापरताना या चुका टाळा

औषध मारलं, तासाभरात किडे उताणे, चला काम झालं. ही चूक मी स्वतः केलीय म्हणून पहिली तीच सांगतो. काचेच्या बशीत डेल्टामेथ्रिन या कीडनाशकाचा थर लावून त्यावर तांबडे भुंगेरे सोडले होते, थोड्या वेळात सगळे पाठीवर, पाय थरथरतायत, मी वहीत "सगळे मेले" लिहून टाकलं आणि ते उचलून स्वच्छ पिठात ठेवले. दुसऱ्या दिवशी बघतो तर पिठात बारीक बोगदे पाडून निवांत फिरतायत! हे औषध मज्जातंतूतली सोडियमची दारं बंदच होऊ देत नाही, सिग्नल सुटतच राहतात आणि किडा कोसळतो, पण डोस कमी पडला तर किड्याच्या शरीरातली पी४५० सारखी एन्झाइम्स औषध फोडून टाकतात आणि गडी परत उभा. म्हणून लगेच मोजू नका, एक-दोन दिवस थांबून परत मोजा. सोंडकिडा तर त्याहून नाटकी, धक्का लागला की पाय पोटाशी घेऊन मेल्याचं सोंग करतो, ब्रशने हलवून थोडा वेळ बघत बसायचं.

दुसरी चूक फॉस्फिनची, म्हणजे धान्यात ठेवलेल्या गोळ्यांतून सुटणाऱ्या विषारी गॅसची, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच. "गोळ्या वाढवा, लवकर मरतील" असं नाही होत. हा गॅस पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियावर, म्हणजे ऑक्सिजन वापरण्याच्या यंत्रणेवरच घाव घालतो, त्यामुळे किडा जितका श्वास घेईल तितकं विष आत जाणार. एकदम जास्त गॅस मिळाला की किडे गुंगीत जाऊ शकतात आणि विष आत घेणंच मंदावतं. अंडी आणि कोष तर आधीच सुस्त, ते पुढच्या अवस्थेत जाईपर्यंत गॅस टिकला पाहिजे, म्हणून इथे डोसपेक्षा दिवस महत्त्वाचे, आणि थंडीत अजून जास्त दिवस. लेबलवरची मुदत कमी करू नका, आणि हा गॅस माणसालाही मारतो, त्यामुळे प्रशिक्षित माणसाशिवाय, राहत्या घरात वगैरे अजिबात नको.

गॅस कोंडायला धान्यावर घातलेली ताडपत्री काढल्याकाढल्याच मोठे किडे जिवंत दिसले तर आधी गळती शोधा. तीन-चार आठवड्यांनी दिसले तर बहुतेक दाण्याच्या आतली अंडी-कोष वाचलेत, किंवा बाहेरून नवीन किडे आलेत. गळती नसतानाही मोठे वाचतायत म्हणजे प्रतिकाराची, किडे गॅस पचवायला लागल्याची, शंका घ्या. एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना) चाचणीत किडे २० तास गॅसमध्ये ठेवून मेले किती ते १४ दिवसांनी मोजतात, यावरूनच कळतं की घाई किती चुकीची. २०१२ मध्ये या प्रतिकारामागचा डीएलडी नावाचा जीनही सापडला, तो पेशीच्या ऊर्जाचक्रातल्याच एका एन्झाइमचा.

मागच्या वेळी चाललेलं औषध यावेळी का नाही? कधी कधी हवामान. मॅलॅथिऑन हे दुसरं कीडनाशक उन्हाळ्यात जास्त जोरात काम करतं पण दमट, गरम धान्यात पटकन विघटितही होतं, डेल्टामेथ्रिनचं उलट, थंडीत कडक.

अर्धा डोस देऊन पैसे वाचवणं तर सोडाच. वाचलेल्या किड्याची चरबी आणि ग्लायकोजेन घटतं, अंडी कमी पडतात, आपल्याला वाटतं जिंकलो, पण ज्यांच्यात औषध फोडणारी एस्टरेज एन्झाइम्स जोरदार तेच मागे उरतात आणि पुढची पिढी त्यांचीच. तेव्हा तेच औषध वाढवत बसण्यापेक्षा वेगळ्या गटातलं, म्हणजे वेगळ्या पद्धतीने मारणारं घ्या.

फवारण्याआधी फटी झाडून काढा. खापरा भुंगेऱ्याच्या अळ्या तिथे खाणं-पिणं जवळजवळ थांबवून महिनोन्महिने लपून बसतात, श्वासही अगदी मंद, आणि सांडलेलं पीठ वरचं औषध शोषून घेतं. माझे ते बशीतले भुंगेरे वाचले त्यालाही मी दिलेल्या स्वच्छ पिठाचा बराच हातभार होता.