फळांचा आइस टी: या चुका टाळा

भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर गेला की दुपारचा दुधाचा चहा नकोसा होतो आणि आइस टीची आठवण येते. तो फसला की बोल फळाला लागतो. खरा घोळ बहुतेक वेळा फळ पडायच्या आधीच झालेला असतो.

चहा उकळत ठेवणे. दुधाच्या चहाला लागलेला हात पावडर टाकून पाच मिनिटं खळखळू देतो. तिथे दूध तुरटपणा झाकतं, इथे झाकायला काहीच नाही. चार ग्लासांसाठी अर्धा लिटर पाणी उकळा, गॅस बंद करा, मग ३ सपाट छोटे चमचे पावडर टाकून झाकण ठेवा. दाणेदार पावडरला २ मिनिटं, पानाच्या चहाला ४. कडक हवा असेल तर पावडर वाढवा, वेळ नको.

रोजचीच गाळणी. जाळीत दूध अडकलेलं असतं. लिंबू पडताच ते फाटतं आणि वर पांढरे कण तरंगतात. सुती कापडातून गाळा.

गरम चहा थेट फ्रीजमध्ये. चहातलं कॅफिन आणि तुरट द्रव्यं थंडीत एकमेकांना चिकटतात, म्हणून चहा गढूळ दिसतो. तो खराब झालेला नसतो. कडक चहात हे जास्त होतं, आणि बोअरच्या जड पाण्यात तर हमखास. त्यासाठी आरओ फिल्टरचं पाणी घ्या. भगोनं थंड पाण्याच्या परातीत ठेवून आधी निववा, मगच फ्रीज. तरीही गढूळ झालाच, तर अर्धी वाटी उकळतं पाणी घालून ढवळा, बराचसा निवळतो. लिंबानं रंग फिका पडतो तो मात्र आंबटपणामुळे, त्यात काही चुकलेलं नाही.

बर्फाचा हिशेब न करणे. २०० मिली चहा ९० अंशांवर असताना बर्फावर ओतला, तर थंड होईपर्यंत जवळजवळ २०० ग्रॅम बर्फ वितळतो. म्हणजे निम्मं पाणीच! तोच ४० अंशांपर्यंत निवलेला असेल, तर ८० ग्रॅममध्ये भागतं.

फळाची निवड. रावेर-यावलची केळी आणि शहाद्याकडची पपई कितीही गोड असोत, या पेयात नकोत. दोन्हींचा गर दाट, तो चहात मिसळत नाही, तळाशी बसतो. केळं तर काळंही पडतं. त्यांचं शिकरण-मिल्कशेक करा. आइस टीला कैरी उत्तम: १०० ग्रॅम किसलेली कैरी, २०० ग्रॅम साखर, २०० मिली पाणी, ५ मिनिटं उकळून गाळलं की पाक तयार. ग्लासला दोन मोठे चमचे. साखर वेगळी घालायला नको, थंड चहात ती पटकन विरघळतही नाही.

टरबूज जवळजवळ सगळं पाणीच, रस ओतला की चहा पचपचीत. त्याच्या फोडी गोठवून बर्फाऐवजी टाका. डाळिंब मिक्सरला एक-दोनदाच फिरवा, बी फुटली की तुरट. मोसंबीचा रस ठेवला की कडू होतो, म्हणून तो प्यायच्या वेळी पिळा.

सब्जा आधी साध्या पाण्यात १५ मिनिटं भिजवा. फळ घातलेला चहा त्याच दिवशी संपवा. नुसता चहा फ्रीजमध्ये दुसऱ्या दिवशीपर्यंत चालतो, पण वीज गेली आणि फ्रीज कोमट पडला तर नाही.