सॉल्व्हंट चांगला की वाईट हे बाटलीवर लिहिलेलं नसतं: पॉलिमर ब्रशवाल्यांनो, या चुका टाळा

दर वर्षी लॅबमध्ये नवीन मुलं येतात आणि दर वर्षी त्याच चुका, म्हणून एकदाच लिहून टाकतोय, पुढच्या वेळी हेच वाचायला देईन. पृष्ठभागाला एका टोकाने बांधलेल्या पॉलिमर चेन्स (लांब साखळीसारखे रेणू) दाटीवाटीने उभ्या असल्या की तो ब्रश. चांगल्या सॉल्व्हंटमध्ये, म्हणजे चेन्सना आवडणाऱ्या द्रावकात, तो फुगून उंच होतो, वाईटात आकसून खाली बसतो. एवढं सगळ्यांना पाठ असतं, गोची त्याच्या पुढे आहे.

सगळ्यात लाडकी चूक: दोन चांगले सॉल्व्हंट एकत्र केले की मिश्रणही चांगलंच असणार. अजिबात नाही. आमच्याकडे एक मुलगा होता, हुशार पण घाई फार. सिलिकॉन वेफरवर (चकतीवर) पीनायपामचे, म्हणजे पॉली(एन-आयसोप्रोपिलअ‍ॅक्रिलअमाइड) या पॉलिमरचे, ब्रश वाढवलेले, कोरडी जाडी मस्त, आणि पाण्यात हे पॉलिमर साधारण 32 अंशाच्या वर गेल्यावरच आकसतं, म्हणजे 25 अंशाला फुगायलाच हवं. तर याचे ब्रश फुगेचनात. एलिप्सोमीटरवर (प्रकाशाने थराची जाडी मोजणारं यंत्र) जाडी कोरड्यापेक्षा जेमतेम जास्त. मग काय, इनिशिएटरवर (चेनची वाढ सुरू करणारं रसायन) संशय, मोनोमरवर (चेनचा एकेक मणी) संशय, कॉपर कॅटॅलिस्ट उरलं असेल म्हणून पुन्हा धुणं, तीन आठवडे सिंथेसिसवर सिंथेसिस. शेवटी मी विचारलं, अरे, जाडी मोजताना सँपल ज्यात बुडवतोस त्या सेलमध्ये भरतोस काय? तर म्हणे, "सर, पाणी आणि मेथॅनॉल निम्मंनिम्मं, बुडबुडे अडकत नाहीत, आणि दोन्ही चांगलेच सॉल्व्हंट आहेत ना." डोक्याला हात लावला मी. पाण्यात पीनायपाम विरघळतं, मेथॅनॉलमध्येही विरघळतं, पण मिश्रणात मेथॅनॉलचा मोल-अंश (एकूण रेणूंतला वाटा) 0.35 च्या आसपास असला की आकसण्याचं तापमान शून्याच्याही खाली जातं. याला कोनॉनसॉल्व्हन्सी म्हणतात, आणि आकारमानाने निम्मंनिम्मं मिसळलं की आपण बरोबर त्याच खड्ड्यात असतो. सेल नुसत्या पाण्याने धुतला, ब्रश फुगला. सिंथेसिसमध्ये पहिल्या दिवसापासून काहीच बिघडलेलं नव्हतं.

तेव्हापासून माझी सवय: अल्कोहोल वापरलं की सेलच्या आकारमानाच्या किमान दहापट पाणी सोडायचं, जाडीची रेघ सपाट होईपर्यंत हात बांधून बसायचं, मगच पहिला आकडा लिहायचा. कंटाळा येतो, माहितीये.

तापमानही तसंच. पॉलिस्टायरीनसाठी सायक्लोहेक्झेन साधारण 34.5 अंशाला थीटा सॉल्व्हंट (चांगला आणि वाईट यांच्या सीमेवरचा) आहे, पण एसी लावलेल्या लॅबमध्ये तोच वाईट सॉल्व्हंट होतो. हीटरच्या डिस्प्लेवर भरवसा ठेवू नका, थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) द्रवात बुडवा. आणि 32 अंशाला पीनायपामचा ब्रश खटकन कोसळेल अशी वाट बघत बसू नका, दाट ब्रशमध्ये तो बदल बरेच अंश पसरलेला असतो.

दुसरी चूक ग्राफ्टिंग डेन्सिटी (ठरावीक क्षेत्रफळावर किती चेन्स) न काढताच गप्पा मारण्याची. दोन मिनिटांचं गणित आहे हो: कोरडी जाडी गुणिले घनता गुणिले अ‍ॅव्होगॅड्रो आकडा, भागिले चेनचं मोलर वस्तुमान. 20 नॅनोमीटर जाडी, 1.05 ग्रॅम प्रति घन सेंमी घनता आणि 50,000 ग्रॅम प्रति मोल घेतलं तर चौरस नॅनोमीटरला साधारण 0.25 चेन्स येतात. हे हातात नसेल तर आपल्याकडे ब्रश आहे की सुट्यासुट्या मशरूम (एकमेकींना न भिडणाऱ्या चेन्स), तेच कळत नाही. दाट ब्रश वाईट सॉल्व्हंटमध्ये सगळीकडे सारखाच खाली बसतो, विरळ असेल तर शेजारच्या चेन्स एकत्र येऊन गोळे करतात. लोक सँपल हवेत सुकवतात, एएफएमखाली (सुईने पृष्ठभाग चाचपणारा मायक्रोस्कोप) ठिपके दिसले की "नॅनोपॅटर्न मिळाला" म्हणून नाचतात. अरे बाबा, तो सुकताना पडलेला गुंता आहे, चांगल्या सॉल्व्हंटमध्ये ठेवून बघ, जाईल. सुकवायचंच असेल तर शेवटचा सॉल्व्हंट कोणता होता ते वहीत लिहा, मी तर डबीवरच लिहितो.

मोकळ्या चेनचा आकार चांगल्या सॉल्व्हंटमध्ये लांबीच्या 0.588 व्या घाताप्रमाणे वाढतो, तो घातांक ब्रशला लावू नका. अलेक्झांडर (1977) आणि द जेन (1980) यांच्या हिशोबात ब्रशची उंची चेनच्या लांबीच्या सरळ प्रमाणात जाते, सॉल्व्हंट कोणताही असो. सॉल्व्हंटप्रमाणे बदलतो तो ग्राफ्टिंग डेन्सिटीचा घातांक: चांगल्यात एक तृतीयांश, थीटात अर्धा, वाईटात एक. त्यामुळे विरळ आणि दाट ब्रशचे फुगण्याचे आकडे शेजारी ठेवून "हा जास्त फुगला म्हणजे सॉल्व्हंट जास्त चांगला" म्हणणं चूक, विरळ ब्रश कोरड्या जाडीच्या मानाने जास्तच फुगणार, त्याला जागा आहे.

क्यूसीएमचं (क्वार्ट्झ स्फटिकाच्या कंपनावरून वस्तुमान मोजणारं यंत्र) वस्तुमान म्हणजे पॉलिमर नव्हे, त्यात अडकलेला सॉल्व्हंटही मोजला जातो.

न बांधलेल्या चेन्स सॉक्सलेटमध्ये (ताजा सॉल्व्हंट पुन्हा पुन्हा टाकून धुणारं उपकरण) धुऊन काढा, नुसतं बुडवून हलवणं पुरत नाही.

आणि चार्ज असलेला ब्रश असेल तर बफर बदलताना मीठ किती ते आधी बघा, जास्त मिठात तो आकसतो आणि मग दोष पीएचला दिला जातो.