दूरच्या संगणकाला कंट्रोल-ऑल्ट-डिलीट पाठवताना

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्याच्या संगणक विभागात मी रुजू झालो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात पुण्यातील सर्व्हरचा पासवर्ड बदलण्याचे काम माझ्याकडे आले. दूरचा संगणक आपल्या पडद्यावर चालवू देणाऱ्या रिमोट डेस्कटॉपची खिडकी समोर ठेवून मी कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबले, ओळखीचा पडदा आला, पासवर्ड बदलला आणि समाधानाने चहाला गेलो. परतल्यावर सर्व्हर नवा पासवर्ड घेईना, कारण बदलला होता तो माझ्याच टेबलावरील संगणकाचा. दोन्हीकडे एकच पासवर्ड ठेवण्याचा आळस मी केला होता, त्यामुळे बदलताना चूक लक्षातही आली नाही.

पासवर्ड विचारणारा पडदा खरोखर विंडोजचाच आहे याची खात्री राहावी, म्हणून या तीन कळा विंडोजने स्वतःकडे राखून ठेवल्या आहेत. कोणत्याही साध्या प्रोग्रॅमला त्या मध्येच अडवता येत नाहीत, आणि रिमोट डेस्कटॉप हाही आपल्या संगणकावरचा एक प्रोग्रॅमच असल्याने त्या त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत. म्हणून तेथे डिलीटऐवजी एंड, म्हणजे कंट्रोल-ऑल्ट-एंड, दाबावे लागते. खिडकी लहान ठेवून काम करत असाल, तर ऑल्ट-टॅबच्या जागी ऑल्ट-पेजअप वापरावे. विंडोज-कळेसोबत दाबलेल्या कळा आपल्या संगणकावर लागू व्हाव्यात की दूरच्या, हे रिमोट सुरू करण्यापूर्वी 'लोकल रिसोर्सेस' या भागात ठरवता येते.

एका रिमोटच्या आत दुसरा रिमोट उघडला असेल, तर कंट्रोल-ऑल्ट-एंड पहिल्याच मुक्कामी उतरते. अशा वेळी अगदी आतल्या संगणकावर 'ओएसके' हा पडद्यावरचा कीबोर्ड उघडावा, आपल्या कीबोर्डवर कंट्रोल व ऑल्ट दाबून धरावेत आणि पडद्यावरील डेल माऊसने दाबावे. उपाय ओबडधोबड वाटतो, पण मला आजवर सर्वाधिक उपयोगी पडलेला तोच आहे.

आपला संगणक लिनक्सवर असेल, तर निराळी अडचण येते. दूरच्या लिनक्स यंत्राचे टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करण्याचा पडदा, हवे म्हणून कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबले, की बहुधा आपलाच पडदा काळा होतो. रेमिना किंवा टायगरव्हीएनसी या रिमोटसाठीच्या प्रोग्रॅमांच्या मेनूतून कंट्रोल-ऑल्ट-डिलीट पाठवता येते. टायगरव्हीएनसीच्या जुन्या आवृत्त्यांत तो मेनू एफ८ने उघडतो. ऑल्ट-सिसआरक्यू-बी मात्र रिमोटच्या भरवशावर कधीही दाबू नये, कारण या कळांची सोय चालू ठेवलेली असल्यास आपल्याच संगणकाचा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्या ऐकतो आणि काहीही सेव्ह न करता यंत्र लगेच रीस्टार्ट करतो.

मराठी टंकलेखन करणाऱ्यांनी आणखी एक फरक ध्यानात ठेवावा. आरडीपी, म्हणजे विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपची पद्धत, सहसा कळेचा क्रमांक पाठवते आणि त्याचा अर्थ दूरचा संगणक लावतो. व्हीएनसी ही रिमोटची दुसरी पद्धत साधारणपणे कळेतून उमटणारे चिन्हच पाठवते. इन्स्क्रिप्ट या मराठी कीबोर्ड-मांडणीत सीच्या कळेवर 'म' असतो, त्यामुळे मराठी कीबोर्ड चालू ठेवून व्हीएनसीत कंट्रोल-सी दाबले, तर पलीकडे कंट्रोलसोबत 'म' जाण्याची शक्यता असते आणि मजकूर कॉपी होत नाही. माझा अर्धा दिवस नेटवर्क तपासण्यात गेला होता. इंग्रजी कीबोर्ड निवडताच काम झाले.

पासवर्ड बदलण्याआधी मी आता सर्व्हरच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'होस्टनेम' ही आज्ञा चालवून यंत्राचे नाव पाहतो, आणि कंट्रोल-ऑल्ट-एंड दाबल्यावर आलेला पडदा रिमोटच्या खिडकीतच आहे ना, हे तपासूनच पुढे जातो.