कुत्र्या-मांजराच्या शाम्पूचं लेबल कसं वाचावं?

पाऊस सुरू झाला की कोकणात गोचीड आणि पिसवांचं फावतं. मग बाजारात शाम्पू, पावडर, स्प्रे असं काय काय दिसू लागतं आणि दुकानदार बाटली पुढे करत म्हणतो, "ह्या लावा, एक पण गोचीड रवाचो नाय." पैसे काढण्याआधी बाटली उलटी करून बघा.

आधी ठरवा: हा शाम्पू आहे की औषध? सगळी मेख इथेच आहे. आपल्या १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात सौंदर्यप्रसाधन म्हणजे माणसाच्या अंगाला लावायची वस्तू. म्हणजे कुत्र्याचा साधा सुगंधी शाम्पू त्यात बसत नाही आणि प्रसाधनांचे लेबलचे नियमही त्याला लागत नाहीत. औषधाच्या व्याख्येत मात्र जनावरांची औषधंही येतात, पोटात घ्यायची तशी बाहेरून लावायचीही. त्यामुळे गोचीड मारतो, खरूज किंवा बुरशी बरी करतो असा दावा असेल, तर लेबलही औषधाचं हवं. त्यावर निर्मिती परवाना क्रमांक, बॅच नंबर, मुदत संपण्याची तारीख, पाळीव जनावराच्या डोक्याचं चित्र आणि 'नॉट फॉर ह्यूमन यूज. फॉर अ‍ॅनिमल ट्रीटमेंट ओन्ली' ही ओळ शोधा. दावा औषधाचा आणि लेबल अत्तराच्या बाटलीचं, असं असेल तर बाटली परत फळीवर ठेवा. 'हर्बल' हा शब्द मी तरी वाचून सोडून देतो.

मग पाकिटाची कुंडली. साधा शाम्पू असला तरी २०११ च्या पॅकबंद वस्तूंच्या नियमांप्रमाणे उत्पादकाचं किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, वजन किंवा माप, निर्मितीचा महिना-वर्ष, सर्व करांसह एम.आर.पी. आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला हवा. परदेशी मालावर मूळ देशही हवा. ऑनलाइन घेताना यातलं बहुतेक पडद्यावर दिसायला हवं. महिना-वर्ष दाखवण्याची तिथे सक्ती नाही, म्हणून पार्सल फोडल्यावर आधी तेच बघा. सुटं, बिनलेबलचं औषध कितीही स्वस्त असलं तरी नको.

घरात मांजर असेल तर घटक नीट वाचा. कुत्र्याच्या बऱ्याच औषधांत पर्मेथ्रिन हे गोचीड-पिसवा मारणारं रसायन असतं. कुत्र्याला ते चालतं, मांजराचं यकृत मात्र ते नीट निकामी करू शकत नाही आणि मांजर थरथरू लागतं, झटके येतात, दगावतंही. टी ट्री ऑइल आणि अमिट्राझ हे दुसरं गोचीडनाशकही मांजरापासून लांब ठेवा. कुत्र्याला औषध लावलं असेल तर ते वाळेपर्यंत पडवीत दोघांना एकत्र झोपू देऊ नका.

फिनेलच्या पाण्याने कुत्रा धुणं हा आपल्याकडचा जुना उद्योग. ते फरशीसाठी आहे. त्याहून वाईट म्हणजे आंब्यावरच्या तुडतुड्यांसाठी आणलेलं सायपरमेथ्रिन 'थोडंसंच' पाण्यात घालून गोचीड काढणं. कीटकनाशकाच्या डब्यावर तिरका चौकोन असतो आणि त्याच्या खालच्या अर्ध्या भागात लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग. लाल सर्वांत विषारी, हिरवा सर्वांत कमी. पण हिरवा असला तरी तो डबा बागेचाच, जनावराच्या कातडीचा नव्हे.

वापरताना प्रमाण लेबलवरचंच ठेवा आणि टोपणाने अंदाजे न ओतता मापाने मोजा. किती महिन्यांच्या पिल्लाला चालतं, गाभण मादीला चालतं का, हेही तिथेच असतं. पहिल्यांदा थोड्याशा भागावर लावून एक दिवस थांबा. बाथरूमच्या ओलीने लेबल सुटतं, म्हणून आणल्या दिवशीच त्याचा फोटो काढा आणि बाटलीवर उघडल्याची तारीख मार्करने लिहा.

त्रास झालाच तर कोमट पाण्याने आणि भांड्यांच्या सौम्य लिक्विडने अंग धुऊन पुसून कोरडं करा. जनावर थरथरत असेल तर धुण्यात वेळ न घालवता बाटली घेऊन थेट पशुवैद्यकाकडे जा. गावात दवाखाना नसेल तर फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ लावा.

तक्रारीच्या वाटा वेगवेगळ्या आहेत. किंमत, माप, पत्ता यांत गोंधळ असेल तर वैध मापनशास्त्र विभाग, परवाना नसलेलं औषध असेल तर अन्न व औषध प्रशासन आणि पैसे परत हवे असतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिन्हीकडे बिल आणि बॅच नंबर जवळ असलेला बरा, तेव्हा रिकामी बाटलीही लगेच भंगारात देऊ नका.