जिप्सीचं इंजिन बांधताय? क्रँकच्या आधी बोल्ट बघा

पावस गावचा एक पोरगा परवा जिप्सी घेऊन गॅरेजात आला. "काका, लांब स्ट्रोकचा क्रँक टाकूया." क्रँक म्हणजे पिस्टनची वरखाली चाल गोल फिरवणारा दांडा, आणि स्ट्रोक म्हणजे त्या चालीची लांबी. मी विचारलं, "फिरवणार किती आरपीएमला?" गप्प. अरे, सगळं तिथूनच ठरतं!

जिप्सीच्या १२९८ सीसी इंजिनाचा स्ट्रोक ७५.५ मिमी. ७००० आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १७.६ मीटर, ८००० ला २० च्या वर. पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या रॉडवरचा ताण आरपीएमच्या वर्गाने वाढतो. म्हणजे ६५०० चे ८००० केलेत की ताण दीडपट. स्ट्रोक वाढवलात तर त्यात आणखी भर. म्हणून टर्बो नसेल आणि सात हजारांच्या आत राहणार असाल, तर मूळचाच क्रँक ठेवा.

खर्च रॉडवर करा, त्यातही तो क्रँकवर आवळणाऱ्या बोल्टवर. माझा बाबा मिरकरवाड्यात ट्रॉलरची इंजिनं उतरवायचा. ती सावकाश फिरणारी, जुने बोल्ट चालून जात. तीच सवय घेऊन मी पहिली जिप्सी बांधली आणि आंबा घाटात रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला. तोही चढणीला नाही, उतरताना, पाय ॲक्सिलरेटरवरून काढलेला असताना. एक्झॉस्टला, म्हणजे जळलेला गॅस बाहेर टाकताना, पिस्टन वर पोचतो तेव्हा त्याला थोपवायला वरून गॅसचा दाब नसतो. त्याला परत खाली ओढायचं ते रॉडने आणि त्या दोन बोल्टनी.

तेव्हापासून प्रत्येक बोल्टची लांबी बसवण्याआधी मायक्रोमीटरने मोजून वहीत लिहितो. उघडल्यावर एक थाऊनेही (इंचाचा हजारावा भाग) लांब भरला तर भंगारात. आवळताना नुसत्या टॉर्क रेंचवर भरवसा नाही, बोल्ट किती ताणला गेला ते गेजने बघतो. रॉड ४३४० स्टीलचे फोर्ज केलेले घ्या. आपल्याकडे ईएन२४ म्हणतात, ते जवळपास तेच. रॉडचा आकार एच बीम की आय बीम, हा वाद चहाबरोबर घाला.

जुना क्रँक आधी क्रॅक टेस्टला द्या. मी कोल्हापूरला पाठवतो. ग्राइंडिंगवाल्याला बजावून सांगायचं की जर्नलच्या, म्हणजे बेअरिंग बसतं त्या गोल भागाच्या, कडेची गोलाई मूळचीच राहिली पाहिजे. तिथे धारदार कोपरा सुटला की तडा तिथूनच जाणार. परत आल्यावर तेलाच्या वाटा ब्रश घालून धुवा, ग्राइंडिंगची पूड आत बसलेली असते.

बिग एंडचं, म्हणजे रॉडचं मोठं टोक बसतं ते, जर्नल ४२ मिमी व्यासाचं. व्यासाच्या दर इंचाला एक थाऊ या हिशोबाने बेअरिंगचा क्लिअरन्स (तेलासाठीची फट) दीड ते दोन थाऊ, प्लास्टिगेजने, म्हणजे मध्ये दाबून फट मोजायच्या मऊ तारेने, तपासून. चारही रॉड वजनाला एका ग्रॅमच्या आत जुळवा, मोठं टोक आणि छोटं टोक वेगवेगळं तोलून. चार सिलिंडरच्या क्रँकला बॅलन्सिंगसाठी बॉबवेट (रॉड-पिस्टनच्या जागी बांधायचं वजन) लावावं लागत नाही, पण फ्लायव्हील, प्रेशर प्लेट आणि पुढची पुली सोबत द्यायची.

आणि आपल्या कोकणातलं एक. जुलैत घासलेला क्रँक उघडा ठेवलात तर खाऱ्या हवेने दोन दिवसांत जर्नलवर गंज धरतो. आला की तेल फासा, प्लास्टिकमध्ये गुंडाळा, उभा ठेवा. त्या पोराचा क्रँक सध्या तसाच कोपऱ्यात उभा आहे. बोल्ट यायचेत.