पर्लमध्ये क्वेरीचा निकाल साठवताना सगळ्या ओळी सारख्याच का होतात?

पर्ल भाषेत डीबीआय (डेटाबेसशी बोलणारं मॉड्यूल) वापरून डेटाबेसला जोडून क्वेरी चालवता येते, असं धरतो. जोडताना रेझएरर (चूक झाली की प्रोग्रॅम थांबवणारा पर्याय) चालू ठेवा, क्वेरीत किंमतींच्या जागी प्रश्नचिन्हं लिहून किंमती वेगळ्या द्या. (उदाहरणांतली व्हेरिएबल्स देवनागरीत आहेत, फाइलच्या वर 'यूज यूटीएफ८' लिहिलं की पर्लला ती चालतात.)

समजा, वाचनालयाच्या सभासदांची यादी काढायची आहे. लूपमध्ये निकालातली पुढची ओळ आणणारा फेचरो_अ‍ॅरेरेफ दर वेळी `$ओळ` देतो, तुम्ही ती `@यादी`त पुश करता. छापून बघावं तर जागोजागी शेवटचाच सभासद! मग लोक क्वेरीतले जॉइन (टेबलांची जोडणी) तपासतात, डिस्टिंक्ट (सारख्या ओळी गाळणारा शब्द) टाकून बघतात. क्वेरीला हातही लावू नका, ती निर्दोष आहे.

डीबीआय प्रत्येक ओळीसाठी नवा अ‍ॅरे बनवत नाही. आधीचाच रिकामा करून भरतो आणि त्याचाच रेफरन्स, म्हणजे पत्ता, पुन्हा हातात देतो. पंगतीत एकच ताट फिरावं तसं. तुमच्या यादीत शंभर वेळा त्याच ताटाचा पत्ता लिहिलेला असतो. खात्री करायची तर डेटा::डम्पर (व्हेरिएबलच्या आत काय आहे ते छापणारं मॉड्यूल) लावा. पहिल्या जागी ओळ पूर्ण छापलेली दिसेल (तीही शेवटच्या सभासदाची), पुढच्या प्रत्येक ठिकाणी फक्त पहिलीकडे बोट दाखवलेलं असेल.

उपाय: पुश करताना `$ओळ` ऐवजी `[ @$ओळ ]` लिहा. चौकोनी कंस नवा अ‍ॅरे बनवतात. `\@$ओळ` लिहून काहीही होत नाही. डीरेफरन्स करून परत तोच रेफरन्स घेतलात. स्टोरेबल मॉड्यूलचं डीक्लोन (आतपर्यंत सगळ्याची नक्कल करणारं फंक्शन) वापरा, असं कुणी सांगितलं तर दुर्लक्ष करा. रकान्यांत साध्या किंमती असतात, वरवरची नक्कल पुरते. ओळ तिथल्या तिथे छापून सोडून देणार असाल, तर नकलेचीही गरज नाही.

सगळा निकाल मेमरीत मावत असेल तर लूप कशाला? सिलेक्टऑल_अ‍ॅरेरेफ एका हाकेत सगळं देतो, प्रत्येक ओळ वेगळी. तिसऱ्या सभासदाचं नाव `$सगळे->[2][1]`. त्याच्या स्लाइस या पर्यायाला रिकामा हॅश दिलात तर रकाने नावाने मिळतात. सहा महिन्यांनी क्वेरीत रकाना वाढला तरी रकान्यांचे क्रमांक चुकण्याचा प्रश्न येत नाही. मी तेच करतो.

नल असलेला, म्हणजे डेटाबेसात किंमतच नसलेला, रकाना पर्लमध्ये अनडेफ होऊन येतो. थकबाकी छापताना `$ओळ->[2] // '-'` लिहा. `//` फक्त अनडेफच्या जागी '-' ठेवतो. `||` शून्यालाही रिकामं समजतो, ते टाकलंत तर शून्य थकबाकीवालाही नोंद नसलेल्यांत जाईल.