कुत्र्याच्या पिसवा पुन्हा पुन्हा का येत होत्या

नागपुरात पाऊस सुरू झाला आणि आमचा शेरू शेपटीच्या मुळाशी चावून चावून केस काढू लागला. तिथे मिरपुडीसारखे काळे कण दिसले. ओल्या पांढऱ्या कागदावर टाकले तर लालसर डाग पडला, म्हणजे पिसवांची विष्ठा. साधी धूळ असती तर डाग लाल झाला नसता.

कडुलिंबाचं पाणी झालं, पिसवांचा शाम्पू दोनदा झाला. चार दिवसांत पुन्हा तेच. शेजारच्या काकूंनी रॉकेल सुचवलं. ते अजिबात लावू नका, कातडी भाजते आणि चाटल्यावर विषबाधा होते. महिनाभर डोकं उठलं होतं.

चूक इथे होती: अंडी अंगावरून गळून गोधडीत, फरशीच्या फटीत पडतात. मी फक्त कुत्रा धूत होतो.

आधी डॉक्टरांकडे वजन केलं, १८ किलो. त्यांनी १० ते २० किलोसाठीची फिप्रोनिलची, म्हणजे पिसवा मारणाऱ्या औषधाची, नळी दिली. अंघोळीनंतर दोन दिवस थांबून, दोन्ही खांद्यांच्या मधोमध केस बाजूला करून थेंब थेट कातडीवर, जीभ पोचणार नाही तिथे. पुढचे दोन दिवस अंघोळ नाही. त्याच दिवशी गोधडी उकळत्या पाण्यात, कडक उन्हात. दिवाणाखाली, कूलरच्या स्टँडमागे रोज व्हॅक्यूम, पिशवी लगेच घराबाहेर.

पिसवांचे कोष (ज्यातून नवी पिसू बाहेर पडते) औषधाला दाद देत नाहीत, म्हणून दहाव्या दिवशी पुन्हा दोन-चार दिसल्या. मी घाबरलो नाही, दुसरी नळी लगेच न लावता महिन्याने लावली. व्हॅक्यूम मात्र तीन महिने चालू ठेवला.

घरात मांजर असेल तर पर्मेथ्रिन हे कीटकनाशक असलेलं पिसवांचं औषध आणूच नका, मांजराच्या जिवावर बेतू शकतं.